शेवटचं वाक्य ताईचं

दादा,

"तू लहान आहेस, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस," असं तू म्हणालास तेव्हा मी सात वर्षांची होते. आता सेहेचाळीस वर्षांची झाले, तरी बोलू देत नाहीस. म्हणून तुझ्या आणि ताईच्या भांडणावर बारा मिनिटांची विनोदी फिल्म केली. कामंही तुम्हीच केलीत. आणि शेवटचं वाक्य ताईला मिळालं म्हणून तू रुसलास! कमाल आहे तुझी.

फिल्ममध्ये ती "तुझं तोंडही बघणार नाही" म्हणून ओरडते. तू खेकसतच तिच्या गोळ्या काढून देतोस, ती न बघता हात पुढे करते. हे मी लिहिलं नव्हतं.

काही मागितलं की तू नाहीच म्हणशील, म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही, नुसतं मनातलं लिहितेय. पण सोमवारी तिच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. रविवारी तिच्याशेजारी बसून फिल्म बघ, आणि उठताना शेवटचं वाक्य तिला बोलू दे.

तुझी,
अजून लहानच