तळं उजव्या हाताला

प्रिय तात्सुरो,

बाबांच्या अंत्यविधीला तू आला नाहीस. मी फार रागावले होते तुझ्यावर. आता राग नाही. पोलिसांनी त्यांची सायकल परत आणून अंगणात लावली आहे. इकडे इमाझूला बर्फ थांबलेला नाही.

दर शरदात बाबा आपल्याला सायकलवरून बिवा तळ्याची अख्खी फेरी घालायला न्यायचे, आठवतं ना? तळं कायम डाव्या हाताला. सगळेच तसे जातात, म्हणजे काठ आपल्या बाजूला राहतो. पण बाबांनी त्याचा धर्मच केला होता. समोरून कुणी आला की ओरडायचे, "ए उलट्या खोपडीच्या, तळं टाकून कुठे निघालास?" तू हसता हसता गवतात पडायचास.

मग तू त्यांची मासेमारीची होडी नाकारलीस आणि पलीकडच्या काठाला, नागाहामाला काचकामावर गेलास. बाबा माझ्यासमोर कडाडले, "तळं उजव्या हाताला घेऊन निघेन, तेव्हाच त्याच्या दारात पाय ठेवीन!" शेजारच्या इसोगाईकाकांनी ते गावभर केलं. तुझ्याही कानावर गेलंच असणार.

त्या सकाळी बाबा न सांगता सायकल घेऊन गेले. दुपारी बर्फ सुरू झाला, तरी परतले नाहीत. आम्ही सगळे दक्षिणेला धावलो, तळं डाव्या हाताला ठेवून, पार शिराहिगेच्या देवळापर्यंत. उत्तरेचं नावही कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ते उत्तरेलाच सापडले, शिओत्सूच्या अलीकडच्या चढावर, सायकलला टेकून बसलेले. डॉक्टर म्हणाले, थंडीने गेले. संध्याकाळपर्यंत जीव असावा. तात्सुरो, हे मला सहन होत नाही.

"म्हातारपणी दिशा चुकली हो," पोलीस म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही.

काल सायकलच्या टोपलीतलं गाठोडं सोडलं. कुणाच्या घरी भेट न्यायची तसं, कोऱ्या कापडात नीट गाठ मारून बांधलेलं. आत भातात मुरवलेला मासा होता, गाबोळीने भरलेला, तुला आवडतो तो. तो मुरत घातलेल्या बरणीला बाबा मलाही हात लावू देत नव्हते. इथून उत्तरेचा रस्ता घेतला की नागाहामा जवळ पडतं, हे तुला मी काय सांगायचं! बाबांची दिशा चुकली नव्हती रे. ते तुझ्याकडे येत होते. अस्थी अजून घरातच आहेत, तू आल्याशिवाय थडग्यात पुरणार नाही. मासाही तसाच ठेवलाय.

तुझीच,
मिचियोताई