खुर्चीतली डॉक्टर

प्रिय ब्राह्मी,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. मी सातवी शिकलेला माणूस, मनातलं कागदावर उतरायला वेळ लागतो. फोन केला तर तू 'आण्णा, मीटिंग आहे' म्हणतेस आणि मी घाबरून ठेवून देतो.

तू साताऱ्याला ट्रस्टच्या दवाखान्याची अधीक्षक झालीस तेव्हा गावाने पेढे मागितले. वाटले, पण मला गोड लागले नाहीत. ऑपरेशन करणारी माझी पोर आता औषधांची मागणी, पाण्याची टाकी आणि रजेचे अर्ज बघणार. रामगोंडाकाका तर पारावर म्हणाला, "गड्या, तुजी डाक्टर गेली, सायबीण ऱ्हायली." तूही दिवाळीत म्हणालीस, पाटीवर डॉक्टर लिहिलंय, पण मी आता कोण आहे तेच कळत नाही.

मग गेल्या महिन्यात तुझ्याकडे आलो. दिवस मावळायच्या आत माझं जेवण व्हावं म्हणून तू डबा घेऊन ऑफिसातून निघालीस, आणि दारात जीप थांबली. मेंढरं राखणारी बनाबाई, साप चावलेली. तू तिला हातही लावला नाहीस, नुसती बाजूला उभी राहिलीस. इंजेक्शन फ्रिजमध्ये होतं, तरुण डॉक्टर जागेवर होता, लाइट गेली तसा जनरेटर सुरू झाला. तिचा भाऊ लालासाहेब माझ्या शेजारी बाकावर बसला होता. म्हणाला, "आवं आण्णा, आमच्या बापालाबी सापच चावलेला, इंजेक्शन न्हाई म्हणून हितनं फुडं धाडलं, त्यो वाटंतच गेला. तवा ह्या बाई न्हवत्या."

दिवस मावळला, आपल्या धर्मात रात्री जेवत नाहीत, म्हणून डबा तसाच राहिला. मी उपाशी झोपलो, पण भूक जाणवली नाही. सकाळी बनाबाई चहा मागत होती. गावी येऊन मी पारावर सगळ्यांदेखत सांगितलं, आमची ब्राह्मी डॉक्टरच आहे, तिच्यामुळं अख्खा दवाखाना डॉक्टरकी करतोय. रामगोंडाकाकाने गुमान सगळ्यांना चहा सांगितला.

आता ज्यासाठी लिहितोय ते. माझ्या हर्नियाला पट्टा बांधून मी दिवस काढतो म्हणून तू ओरडतेस. कारण कधी सांगितलं नाही. ऑपरेशन तुझ्याच हातून करून घ्यायचं होतं, आणि तू ते काम सोडलंस. आता तुझ्या त्या तरुण डॉक्टरकडून करून घेईन. भीती वाटते, पण तू त्या दिवशी उभी होतीस तशीच बाजूला उभी राहा. पिशवी भरून ठेवलीय. तारीख लवकर कळव, माझा धीर टिकलाय तोवर.

जय जिनेंद्र.

तुझाच,
आण्णा