नामदेवचा ‘ह’

शनिवार, संध्याकाळ. अमरावती.

उद्या कॉलेजांचे हुतूतूचे सामने. सकाळी अकोल्याला लोळवू, यात शंका नाही. त्यांची पोरं अंगानं भरलेली, पण जड. दुपारी मात्र नागपूर. तिथे हरलो. आजच लिहून ठेवतो.

कारण तो पुण्याहून आलेला पंच. आमच्या नामदेवचा दम केवढा! चांदूर बाजारात बापाची वांगी ओरडून विकत वाढलेला गडी. पण आजच्या सरावात चढाईला गेला की पंच म्हणे बाद! “‘हुतूतू’ म्हणा. तुमचा ‘ह’ ऐकू येत नाही.” अरे, एका ‘ह’साठी? नियमच आहे म्हणे. आणि नामदेवशिवाय आमच्याकडे आहे कोण?

बिचारा रडकुंडीला आला. “मी तेच तं म्हनून राहिलो ना भाऊ, उतूतू! त्याले काहून ऐकू येत नाई?”

घरी येऊन आईला सारं सांगितलं आणि उद्या सकाळी त्याला शिकवावं म्हणून मीच मोठ्यानं म्हणून पाहिलं. पुन्हा पुन्हा. मला तर ‘ह’ अगदी स्पष्ट ऐकू येत होता. तेवढ्यात चुलीपाशी आई हसली, “काहून रे, तू बी उतूतू करून राहिला?”

आता त्याला शिकवणार कोण?