अम्मीच्या खाटेपाशी

पुणे, १२ फेब्रुवारी

प्रिय हमदान,

सलाम. तू आणि घरची सगळी खुशाल असाल. कांद्याच्या फवारण्या चालू असतील, म्हणजे तुझ्या दुकानाचा ओटा दुरुस्तीला आलेल्या पंपांनी भरला असेल. जेवायला तरी वेळेवर घरी जातोस ना?

मी पंधरा दिवस झाले पुण्यात आहे. माझं पुस्तक मराठीत आलं, त्याचे कार्यक्रम चालू आहेत. अवसरीच्या कॉलेजातही बोलावलं होतं. मुलं बगदादबद्दल विचारत होती, हेल्मेट किती जड असतं, भीती वाटते का. एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपण बघितलं नाही ते लिहायची वेळ आली तर?" मी म्हणाले, "तर ज्याने बघितलं त्याचं नाव लिहायचं." टाळ्या पडल्या. बावीस वर्षं, काबूलपासून बैरूतपर्यंत, बातमी देताना मी हे पाळलं. त्या दिवशी मात्र टाळ्या थांबायच्या आत मी माइक परत दिला.

तिथून आपलं ओतूर तास-दीड तासावर. मी परत पुण्याला आले.

तुला तीन वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. मग शेजारच्या साळुबाईंच्या हर्षालीने सांगितलं, "हमदाननं पुस्तक वाचलं गं. शेवटचं प्रकरण वाचलं आन् मिटून ठिवलं. तवापासून त्याला हात लावला न्हाई."

त्या प्रकरणाबद्दलच लिहायला बसले होते. आतापर्यंत इकडचं तिकडचं लिहिलं.

त्यात लिहिलंय की अम्मी गेली तेव्हा मी तिच्या खाटेपाशी होते, तिचा हात माझ्या हातात होता. खाटेपाशी तू होतास. मी बैरूतमध्ये होते. तू फोनवर सांगितलंस ते सगळं मी घेतलं, खिडकीतून तिच्या पायांवर आलेलं ऊन, चमच्याने पाजलेलं पाणी, आणि तुझ्या जागी स्वतःला घातलं. हात धरल्याचं तर तू बोललाही नव्हतास, ते माझ्या मनचं. बाकी पुस्तक लिहून झालं होतं. तेवढ्याच प्रकरणात 'मी नव्हते' असं लिहवेना.

आणखी एक आहे. ते कुणालाच माहीत नाही.

विमानं बंद आहेत असं तुला म्हणाले होते. बंद नव्हती. तू "आपा, आता निघच" म्हणालास त्याच सकाळी मी तिकीट काढलं. बॅग भरली. टॅक्सी दारात येऊन उभी राहिली. मी जिन्यात बसले, आणि अर्ध्या तासाने ती परत पाठवली. तुला वाटेल बातमीसाठी थांबले. तिथल्या सगळ्यांना तसंच वाटलं, मी वाटू दिलं. खरं म्हणजे मी घाबरले. बॉम्ब पडलेल्या गल्लीत शिरताना मी कधी मागे पाहिलं नाही, पण तिथे माझं कोणी नव्हतं. अम्मीला जाताना बघायचं धाडस माझ्यात नव्हतं. ते तुझ्या एकट्यावर टाकलं.

प्रकाशकांना कळवलंय. पुढच्या आवृत्तीत ते सगळं तुझ्या नावाने येईल, आणि मी कुठे होते तेही. तुला नको असेल तर प्रकरणच काढते. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

अम्मीची, आणि तू म्हणशील तर तुझीही,
अर्शिया

---

ओतूर, २० फेब्रुवारी

अर्शियाआपा,

सलाम. पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मला तुझ्यासारखं लिहिता येत न्हाई, बोलतो तसं लिहितो.

राग आला व्हता. टॅक्सीचं वाचून परत आला. अम्मी तीन दिवस दाराकडं तोंड करून पडली व्हती, हे तुला फोनवर सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

पण पुस्तक मिटलं ते रागानं न्हाई. भ्यालो म्हणून मिटलं. शेवटच्या दिवशी अम्मीला दिसत नव्हतं. सारखी विचारायची, "अर्शिया आयी क्या?" दुपारी माझ्याच्यानं ऐकवेना. साळुबाई उशाशी बसल्या व्हत्या. मी त्यांच्याकडं बघितलं, त्या समजल्या. त्यांनी अम्मीचा हात हातात घेतला. मी म्हणालो, "आयी, अम्मी. हाथ पकडी है तेरा." अम्मीनं तो हात चाचपला, गालाला लावला. परत विचारलं न्हाई. घटकाभरानं गेली.

मरणाऱ्या आईशी खोटं बोललो, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तेच तुझ्या पुस्तकात छापलेलं दिसलं. वाटलं, साळुबाईंनी तुला सांगितलं. विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई रे बाबा, मी कशाला सांगू? ती तिच्या पोरीचा हात धरून गेली, बास."

प्रकरण काढू नको. नीट लिही. माझं नाव घाल, साळुबाईंचं आधी घाल.

अम्मीच्या कबरीवर अजून दगड बसवला न्हाई. कारागीर म्हणतो दोन ओळी बसतील. सव्वा वर्ष झालं, मला एक पण सुचली न्हाई. त्या तू लिही. पण फोनवर नको सांगू. हितं ये, माझ्याशेजारी बसून लिही. शुक्रवारी मी दुकान उघडत न्हाई.

अम्मीच्याच घरातून,
तुझा भाऊ हमदान