अंगठा आकाशाकडे

रांचो ला पाल्मीता,
१२ जुलै १९५४

ती. निकानोरदादास,
लिब्रादाचा सा. न. वि. वि.

खेचरवाल्याबरोबर हे पत्र आणि शेळीचं चीज पाठवतेय. चीज वहिनीच्या हाती पडू दे, तुझ्या नको.

कासिमिरोला देवाघरी जाऊन दीड वर्ष होत आलं. गेल्या शरदात डोंगरातली गुरं गोळा केली तेव्हा माझी वासरं शेजारच्या डॉन अनास्तासिओनं दोर टाकून पकडून दिली. मी उपकार मानले, कॉफी पाजली. ती कॉफी अजून संपलेली नाही. दर रविवारी येतो, कासिमिरोच्या खुर्चीत बसतो आणि माझ्या गुरांना ‘आपली गुरं’ म्हणतो. हल्ली तर सांगत सुटलाय म्हणे, की विधवेच्या भिंतीवरचा दोर पुरुषाच्या हाताची वाट बघतोय.

आपल्या डोंगरात मालकाच्या नावाचा डाग न दिलेलं, बिनडागाचं जनावर जो पकडेल त्याचं. मला पकडता आलं नाही तर एक तर माझी वासरं जातील, नाहीतर मी अनास्तासिओची मिंधी होईन. म्हणून तो दोर मीच खाली उतरवला. तुझ्यासारखा दोर टाकणारा या खोऱ्यात झाला नाही असं तू स्वतःच सांगायचास. आता शिकव. तुझं बंदर लांब आहे, तेव्हा पत्रातून शिकव.

माया आहेच, ती पत्रागणिक वाढू दे.
तुझी,
लिब्रादा

सांता रोसालिया,
२९ जुलै १९५४

चि. लिब्रादास,
अनेक आशीर्वाद.

तुझं डोकं फिरलंय. हे बायकांचं काम नाही, आणि माझा उजवा अंगठा कुठे गेला ते तुला ठाऊक आहे. दोर आणि खोगिराचा खुंट यांच्यामध्ये सापडला आणि तिथेच राहिला. मी शिकवणार नाही. विषय संपला.

दोराला आधी चरबी चोळ. कच्च्या चामड्याचा दोर सुकला की काटकीसारखा मोडतो. मग दोन झाडांमध्ये ताणून ठेव, पण उन्हात नको. फास मोठा घे, डोक्यावर फिरव, आणि मनगट सैल सोड. सुरुवात झाडाच्या बुंध्यापासून कर, तो पळत नाही.

मनगट कसं फिरतं ते लिहिता येईना, म्हणून उठून वहिनीच्या कपड्यांच्या दोरीनं करून बघत होतो. फास देव्हाऱ्यातल्या सान अंतोनिओच्या मूर्तीच्या गळ्यात पडला आणि ते खाली आले. तुझी वहिनी एदुविहेस म्हणते, लग्न जुळवणाऱ्या संतालाच फास लावलात, आता कोणाच्या गळ्यात काय पडेल सांगता येत नाही. संताचं नाक मी बेकरीतल्या कणकेनं चिकटवलंय.

जपून राहा, आणि आमच्यावर रागावायचं असेल तर थोडंच रागाव.
तुझा दादा,
निकानोर

रांचो ला पाल्मीता,
२० ऑगस्ट १९५४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बुंधा पकडला. कोंबडी पकडली, ती तेव्हापासून अंडी देत नाही. बोकड पकडला, पण त्यानं मला निवडुंगापर्यंत ओढत नेलं, तेव्हा कोणी कोणाला पकडलं यावर घरात दोन मतं आहेत.

आता खरी बातमी. रविवारी अंगणात फास फिरवत होते. सोडला आणि त्याच क्षणी घराच्या कोपऱ्यावरून डॉन अनास्तासिओ वळला, हातात खजुराच्या वड्यांचं ताट. फास त्याच्या खांद्यांवरून खाली उतरून कोपरांपाशी बसला. पकडलं की आधी वेढा, हे लहानपणी तुझ्याच तोंडून ऐकलेलं. विचार न करता ओसरीच्या खांबाला वेढा देऊन मी दोर ताणला. ताट पडलं, वड्या बोकडानं खाल्ल्या. तो मात्र जागचा हलला नाही. सोड म्हणाला नाही, ओरडला नाही, नुसता हसत उभा. मी विचारलं की लागलं का, तर म्हणतो, छे, छान बसलाय.

आता खोऱ्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, की लिब्रादानं नवरा पकडला! मी तोंड दाखवायचं कुठे? लवकर पुढचं शिकव, म्हणजे खरं जनावर पकडून लोकांची तोंडं बंद करीन.

वहिनीला नमस्कार, संताच्या नाकाला शुभेच्छा.
तुझी,
लिब्रादा

रांचो एल सालीत्रे,
२ सप्टेंबर १९५४

श्री. डॉन निकानोर यांस,
अनास्तासिओचा स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या भगिनीने मला दोरात पकडल्याचे आपल्या कानी आले असेलच. त्यावरून गैरसमज नको. माझा तिच्याशी विवाह करण्याचा विचार त्याच्या आधीपासूनचा आहे. घरातले वडीलधारे आपणच, म्हणून आपली अनुमती मागतो. माझी गुरे बरी आहेत, दात शाबूत आहेत. सकाळी एकट्यापुरती कॉफी करायला जातो आणि ती नेहमी जास्त होते, एवढेच काय ते कमी आहे.

दुसरे असे की, तिला कोणा गाढवाने दोर टाकायला शिकवले आहे ते कळत नाही. फास सोडताना तळवा वर राहतो, म्हणून फास हवेतच मिटतो. तळवा खाली वळला पाहिजे. अशा फेकीने मांजर सापडायचे नाही. मी सापडलो तो माझ्या नशिबाने. मला पाहिले की ती दोर लपवते, म्हणून निवडुंगामागे उभा राहून पाहावे लागते. आपण तिला तेवढे कळवावे.

उत्तराकडे डोळे लागलेला,
अनास्तासिओ

सांता रोसालिया,
१४ सप्टेंबर १९५४

चि. लिब्रादास,
अनेक आशीर्वाद.

काल बसल्या बसल्या मला एक गोष्ट सुचली. फास सोडताना तळवा खाली वळव. माझाच शोध आहे.

आता खेचरावर बसून कर. आणि नीट ऐक, गंमत नाही. फास पडला की दोर खोगिराच्या खुंटाला गुंडाळायचा, आणि त्या वेळी अंगठा आकाशाकडे. प्रत्येक वेळी. दोर बांधून टाकायचा नाही, चामडं हिसका सोसत नाही, तुटतं. जनावर ओढेल तेव्हा वेढ्यातून थोडा सरकू द्यायचा, ते दमलं की परत ओढून घ्यायचा. ताकदीनं नाही, सोडत सोडत धरायचं. मला हे समजलं तेव्हा अंगठा गेला होता.

अनास्तासिओचं पत्र आलं होतं. उद्धट माणूस आहे. मी उत्तर दिलेलं नाही.

अंगठे दोन्ही सांभाळ, आशीर्वाद त्यांनाही.
तुझा दादा,
निकानोर

वन्संना एदुविहेसचा नमस्कार. हे पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलंय म्हणून दोन ओळी. तळव्याची अक्कल ह्यांची नाही, डॉन अनास्तासिओंची आहे. ते निवडुंगामागे उभे राहून तुम्हाला बघतात. त्यांनी मागणी घातलीय, आणि शिकवणाऱ्याला गाढव म्हटलंय, म्हणून हे रुसलेत. तुमचं तुम्ही ठरवा. माणूस खोटं लिहिणारा वाटला नाही.

रांचो ला पाल्मीता,
९ ऑक्टोबर १९५४

ती. दादास आणि सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वहिनीची दोन ओळींची चिठ्ठी वाचून मी तडक निवडुंगापाशी गेले आणि म्हटलं की बाहेर या, पाय दुखत असतील. चुकतंय ते तोंडावर सांगायचं असेल तर समोर उभे राहा, नाहीतर घरी जा. तो समोर येऊन उभा राहिला. अंगात काटे घुसले होते. ते काढून दिले आणि मग रोज संध्याकाळी शिकले. शिकवताना त्यानं एकदाही माझ्या हाताला हात लावला नाही. आपला दोर फिरवून दाखवायचा आणि माझी फेक बघायचा.

परवा गुरं गोळा झाली. माझा तो पट्ट्यापट्ट्यांचा गोऱ्हा गेल्या वर्षी निसटलेला, बिनडागाचाच होता. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. मी खेचर पुढे घातलं. पहिला फास त्याच्या शेपटीमागे धुळीत पडला आणि कुंपणावरची माणसं हसली. कोणी म्हणालं, बाई, तो नवरा नाही, उभा राहणार नाही. माझे कान तापले. दोर गोळा केला, तळवा वळवला, सोडला. या वेळी फास दोन्ही शिंगांवर गेला.

वेढा दिला. अंगठा वर, दादा. गोऱ्ह्यानं ओढलं, खुंटातून धूर निघाला, मी सरकू दिलं. पण एकटीनं डोकं धरून जनावर खाली येत नाही, कोणाला तरी मागचे पाय धरावे लागतात. कुंपणावर सगळे टकमक बघत होते, कोणी पुढे येईना. मी ओरडले, अनास्तासिओ, पाय!

त्याचा फास पोटाखालून गेला आणि गोऱ्हा त्यात पाऊल टाकून अडकला. माझं खेचर इकडे, त्याचं तिकडे, मध्ये गोऱ्हा आडवा ताणलेला. डागणी तापायला ठेवलेली. आता कोणालाच हलता येईना. तेवढ्यात त्या माणसानं तिकडून, सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की माझ्याशी लग्न करशील का. मी म्हटलं, आधी दोर ताणा, सैल पडतोय. त्यानं ताणला. परत विचारलं.

दोर कुंपणावरच्या एकाच्या हाती देऊन मी उतरले; डाग माझ्याच नावाचा बसला, माझ्याच हातानं. गोऱ्हा उठून पळाला तेव्हा मी दोर गुंडाळत अनास्तासिओपाशी गेले. दम लागला होता, त्यालाही लागला होता. मी सांगितलं की करीन, पण एक ठरवून टाकू. डोकं मी धरणार, पाय तुम्ही.

त्यानं आपला दोर सोडवून घेतला. मग विचारलं की हे गुरांचं बोलतेयस की घराचं. मी म्हटलं, दोन्हीचं.

तो म्हणाला, पायाची फेक जास्त अवघड असते. त्याला तेवढा मान घेऊ दिला.

दादा, रुसवा सोडून त्याला उत्तर लिही. लग्न नाताळच्या आधी आहे, वहिनीला घेऊन ये. अंतर कितीही असो, तुमची माया अशीच पोचती राहो.

तुझी,
लिब्रादा