शेवटचा बाक

सर, आपल्या कॉलेजात हल्ली शनिवारी प्राध्यापकांचं वाचनमंडळ भरतं. अध्यापन सुधारायचं म्हणून. वाघोडिया रोडला खासगी कॉलेजं निघाली आणि आमच्या प्राचार्यांना एकदम शिकवण्याची काळजी वाटू लागली. त्यांनी परदेशातून एक इंग्रजी पुस्तक मागवलं, त्याच्या झेरॉक्स वाटल्या, आणि आता दर शनिवारी एकेकाने एक प्रकरण ‘घ्यायचं’. काल प्रकरण होतं, व्याख्यानं सोडा, विद्यार्थ्यांना बोलू द्या. प्राचार्यांनी त्यावर तासभर व्याख्यान दिलं. कुणी हसलं नाही, सर! सगळे माना खाली घालून लिहून घेत होते. मग खमण, चहा, आणि बढतीच्या फायलीला लावायला हजेरीचं प्रमाणपत्र. असल्या ढोंगाला तुम्ही दारातूनच हाकललं असतं.

तुमची तऱ्हा वेगळी होती. मी नवी होते, तुम्ही विभागप्रमुख. समा भागातल्या घरून स्कूटरवर यायचात आणि न सांगता माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचात. मी फळ्याकडे तोंड करून घडाघडा बोलतेय, मुलं खाली बघतायत, आणि तास संपल्यावर तुम्ही जिन्यात थांबवून म्हणताय, "छान बोललीस. पण पुढ्यातल्या त्या मुलीला काय कळलं, ते विचारलंस का?" मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्वतःच्या तासाला बसवलंत आणि नंतर म्हणालात, "हं, आता तू मला झोड."

म्हणून काल मी उठले. म्हटलं, पुस्तक मिटू या आणि एकमेकांच्या वर्गात जाऊन बसू या, आमचे सर बसायचे तसं. सगळ्यांचे चेहरे उतरले. "आ तो इन्स्पेक्शन कहेवाय, बेन!" म्हणाले कोण, तर वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचणारे अर्थशास्त्राचे साहेब. भित्रे लेकाचे! मला त्यांची किळस आली आणि ती मी लपवलीही नाही.

बाहेर पडताना आमच्या विभागात नव्याने शिकवायला लागलेल्या मुलीने मला गाठलं. डोळे चमकत होते तिचे. "मॅडम, मग सोमवारी मी तुमच्या तासाला येऊन बसू?"

तुम्ही गेल्यापासून त्या बाकावर कुणी बसलेलं नाही, सर. हे पत्र तुम्हाला मिळायचं नाही, म्हणून सांगते. मी तिला म्हटलं, सोमवारी मुलांची चाचणी आहे. चाचणीबिचणी काही नाही.