काटा दुरुस्त करून ठेवला आहे

तीर्थस्वरूप ताईंना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार (पोट आडवं येतं तिथपर्यंतच वाकलो आहे, उरलेला गोड मानून घ्यावा). इकडे मी ठीक. तुमचा डोळा कसा आहे? रीत म्हणून विचारत नाही, अगदी मनापासून विचारतोय. ऑपरेशन होऊन महिना होत आला. आमच्या गल्लीतल्या घड्याळजीने मोतीबिंदू काढून घेतला, तो आठवड्याभरात भिंग लावून बारीक स्क्रू पकडायला लागला. अर्थात ज्याचा त्याचा डोळा, माझी मुळीच घाई नाही. तुमचा वाचायचा चष्मा अजून झाला नाही आणि तोवर पेपरापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं माझी बायकोच तुम्हाला वाचून दाखवते, असं साडू मागे फोनवर म्हणाले होते. म्हणजे हे पत्रही तीच वाचत असणार. बरंच झालं, तिचा आवाज गोड आहे. (वाचणाऱ्या व्यक्तीने इथे खाकरून वेळ काढू नये, पुढे वाचावं. कंसातला मजकूर मोठ्याने वाचला नाही तरी चालेल.)

ती तिकडे का आली हे तिने तुम्हाला सांगितलं नसणार. तुमच्या डोळ्यासाठी आली, असंच म्हणाली असेल. तर ऐका. माझे गुडघे जिन्यात कुरकुरायला लागले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवायला सांगितलं. रात्री उकडलेली गाजरं आणि वर गरम पाणी. घरी आल्यावर ही म्हणाली, तुम्ही एकटे गाजरं चघळत बसलात तर मला बघवणार नाही, मीही तेच खाईन. तिला काही गरज नव्हती, ताई. कुणी सांगितलं नव्हतं. समोर बसून तीही मुकाट्याने गाजरं खायची आणि मध्येच म्हणायची, गोड आहेत की नाही आज? नव्हती हो. कधीच नव्हती.

दिवसा मी योगी होतो. रात्री मात्र माझा बोका व्हायचा. दिवा मालवला की स्वयंपाकघरातला पावाचा डबा मला नावानिशी हाक मारायचा. मग चवड्यांवर चालत जायचं, डब्याच्या झाकणावर फडकं धरायचं (पत्र्याचं आहे, जरा हललं की गाव गोळा करतं), फ्रिज किलकिला करून आतल्या दिव्याचं बटण बोटाने दाबून धरायचं आणि अंधारात लोणी चाचपायचं. पावाचा शेवटचा तुकडा पुढे सरकवून ठेवला की पाकीट भरलेलं दिसतं. जॅमला पडलेला खड्डा चमच्याच्या पाठीने सारखा करता येतो. उभ्याने खाल्लेलं अंगाला लागत नाही, असाही एक नियम मी माझ्यापुरता करून घेतला होता. परत येऊन आडवं झालं की ही झोपेतच माझ्या अंगावर पांघरूण ओढायची, आणि मी मिशीला लागलेलं लोणी चाटत देवाची क्षमा मागायचो.

आता रविवारी सकाळी वजन. तुम्हाला माहीतच आहे, उभा जन्म मी लोकांचे वजनकाटे सरळ करण्यात घालवला. काटा जरा जास्त दाखवू दे म्हणून त्या कोपऱ्यावरच्या खाटकाने काय कमी विनवण्या केल्या? पण ग्रॅमभरही हललो नाही. आणि घरच्या काट्याखाली ते काटा मागेपुढे करायचं इवलंसं चाक असतं ना, ते एका शनिवारी मी अंगठ्याने जरासं फिरवलं. पुढच्या शनिवारी आणखी जरासं. इतका हुशार माणूस मी, पण माझ्यानंतर त्याच काट्यावर आणखी कुणी उभं राहणार आहे, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

ही उभी राहिली. खाली बघितलं, उतरली, पुन्हा चढली, आणि म्हणाली, "अहो, माझंही उतरलं!" ताई, तो चेहरा मी आमच्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता (लग्नात व्यक्ती रुसलेली होती, कारण आता आठवत नाही, पण तेही माझंच असणार). त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, वा! मग तिने कपाटातले सगळे कपडे काढले आणि रात्री जागून एकेक शिवणीत आत घेतला. निळा कोटसुद्धा. घातल्यावर बटण लागेना, श्वास अडकायचा, तरी म्हणायची, माझी शिवणच चुकली असेल, काटा कसा चुकेल, तुमच्या हातचा आहे. मी मान डोलवायचो. या वाक्यावर मला रात्री पाव गिळवत नसे, असं लिहायला आवडलं असतं. गिळत होतो. एक जास्तच.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. ती माझी औषधं आणायला डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि हौसेने तिथल्या काट्यावर उभी राहिली. तिला काही विचारावं लागलं नाही. भांडली असती तर मी निस्तरलं असतं, भांडणात मी मुरलेला आहे. ती घरचा काटा काखोटीला मारून माझ्या दुकानात आली, किराणावाल्याच्या मागे रांगेत उभी राहिली, आणि तिची पाळी आली तेव्हा काटा माझ्यासमोर ठेवून गिऱ्हाइकासारखी म्हणाली, "हा खोटं बोलतो. बघा काही होतंय का." त्यानंतर तुमचं ऑपरेशन ठरलं आणि तिने बॅग भरली. तेव्हापासून फोन केला की साडूच उचलतात आणि ती गच्चीत आहे म्हणतात. तुमच्या गच्चीत एवढं आहे तरी काय?

ती गेल्यावर पहिली रात्र मी राजासारखा जेवलो. दिवा लावून, खुर्चीत बसून, अख्खा पाव, अख्खी बरणी. चव म्हणाल तर शून्य. चोरी करायलाही घरात कुणीतरी झोपलेलं लागतं. तरी सवयीने रोज उठायचो, आणि एका रात्री माझ्या ध्यानात आलं की मी झाकणावर अजून फडकं धरतोय. कुणाची झोप मोडू नये म्हणून? मी फडकं काढलं आणि झाकण मुद्दाम फरशीवर टाकलं. केवढा आवाज झाला. पूर्वी असं काही निसटलं की आतून झोपाळू आवाजात यायचं, "काय पडलं?" आणि मी म्हणायचो, "काही नाही, मांजर." आपल्याकडे मांजर नाही हे तिलाही ठाऊक होतं. मी बराच वेळ उभा राहिलो. कुणी काही विचारलं नाही. झाकण उचललं, डब्याला लावलं आणि तसाच जाऊन पडलो. त्या दिवसापासून माझं रात्रीचं खाणं सुटलं आहे.

काटाही दुरुस्त केला आहे. दुकानातली प्रमाणित वजनं घरी आणून तीनदा पडताळला. (निळ्या कोटाची शिवण मी उसवली आहे. घड्याळजीचा चिमटा उसना आणून एकेक टाका काढला, जुन्या शिवणीची खूण होती तिथेच पुन्हा शिवला. बाही जरा वाकडी आली आहे. व्यक्तीची उशी हलवलेली नाही.) साडूंना नमस्कार. डोळ्याला जपा.

आपला,
काटेवाला

ता. क. १. (हेही मोठ्याने वाचू नये.) रात्रीचं खाणं सुटलं, हे वर लिहिलं ते लिहिताना खरं होतं. काल पुन्हा उठलो, पाव खाल्ला, लोणीही. सकाळी काट्यावर उभा राहिलो, वाढलेलं दिसलं. चाकाला हात लावला नाही. तुला आधी सांगतोय.

ता. क. २. पाकीट चिकटवणार एवढ्यात साडूंचा फोन आला. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की तुमचा चष्मा गेल्याच आठवड्यात आला आणि तुम्ही दिवसभर वाचतच बसता. म्हणजे ताई, हे पत्र तुम्हीच वाचलंत. कंसही. उशीसुद्धा. आणि म्हणजे ती तुमच्या डोळ्यासाठी राहिलेली नाही. पुन्हा सगळं लिहायचा धीर नाही, म्हणून तसंच पाठवतोय. एक विनंती आहे. आता तुम्ही तिला हे वाचून दाखवा, कंसांसकट, मोठ्याने. ती गच्चीत निघून गेली तर गच्चीत जाऊन वाचा. आणि एवढं करूनही ती काहीच बोलली नाही, तर रात्री ती झोपल्यावर मला फोन लावा, फोन तसाच तिच्या दाराशी ठेवा आणि स्वयंपाकघरात एखादं झाकण पाडा. मी इकडे कान लावून बसतो.